सत्यकाम परत का आला?

कांजूरमार्ग स्थानकात उतरून पश्चिमेला बाहेर पडले, की पवईकडे जाणाऱ्या रिक्षा मिळतात. त्यांत बसणाऱ्या अनेकांना आयआयटी गाठायची असते. संस्थेच्या मुख्य प्रवेशद्वारापुढून जाणाऱ्या रस्त्याला आदि शंकराचार्यांचे नाव आहे. देशभरातल्या महाविद्यालयांपर्यंत व्याख्याने पोचवणाऱ्या एनपीटीईएल उपक्रमात या संस्थेचा वाटा आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत संगणकाचे धडे देणारा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प इथलाच. स्वस्त ‘आकाश’ टॅबलेटची धुराही २०१२ मध्ये इथेच आली होती. आणि याच पट्ट्यात, कांजूर-भांडुप-विक्रोळीच्या वस्त्यांत, मुंबई महापालिकेच्या शाळा आहेत. त्या महापालिकेने आपल्या आठवीच्या मुलांना २०१५ साली टॅब वाटले, स्टुडिओत बसलेल्या एका शिक्षकाचा पाठ अनेक शाळांत एकाच वेळी दाखवणारे व्हर्च्युअल वर्ग चालवले, फळ्याशेजारी डिजिटल पडदे लावले. शिकवण्याची साधने जिथे घडतात आणि ती ज्यांच्या हाती पडतात, ती दोन्ही ठिकाणे इथे एका रिक्षाच्या अंतरावर आहेत. म्हणून जो प्रश्न सगळ्या देशाला विचारायचा, तो इथूनच विचारावा: शिकायला माणूस लागतो का? लागत असेल, तर नेमका कशासाठी?

हा प्रश्न पडद्यांबरोबर जन्मलेला नाही. ज्या आचार्यांचे नाव त्या रस्त्याला आहे, त्यांनी छांदोग्य उपनिषदावर भाष्य लिहिले आणि त्या उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात हा प्रश्न सरळ समोर येतो. सत्यकाम हा जबालेचा मुलगा. वडील कोण, गोत्र कोणते, हे आईला सांगता येत नाही, आणि तो तेच जसेच्या तसे हारिद्रुमत गौतमांना सांगतो. ते त्याच्या खरेपणावर त्याला शिष्य करून घेतात आणि चारशे रोडक्या गाई देऊन रानात पाठवतात. हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असे म्हणून तो निघतो. वर्षे जातात. कळप हजाराचा होतो तेव्हा एक बैल त्याला ब्रह्माचा एक पाद सांगतो. पुढचा अग्नी सांगतो, त्यापुढचा हंस, चौथा मद्गू नावाचा पाणपक्षी. चार पाद पुरे झाले. अभ्यासक्रम संपला. तरी सत्यकाम गुरूकडे येतो. गुरू त्याच्या चेहऱ्याकडे पाहून विचारतात, तुला कोणी शिकवले? तो सांगतो की माणसांनी नव्हे, पण मला तुमच्याकडूनच ऐकायचे आहे, कारण आचार्यांकडून मिळालेली विद्या फळाला येते असे मी ऐकले आहे. मग गुरू त्याला शिकवतात. काय शिकवतात? उपनिषद स्पष्ट करते की तेच, काहीही न गाळता.

ही जागा फार महत्त्वाची आहे. गुरूंकडे काही गुप्त ज्ञान शिल्लक होते आणि बैलाने अर्धवट सांगितले, असे उपनिषद म्हणत नाही. मजकूर तोच. म्हणजे आज ज्याला आपण ‘कंटेंट’ म्हणतो, तो माणसाव्यतिरिक्त कुणाकडून पूर्णपणे मिळू शकतो, हे आपल्या परंपरेने अडीच हजार वर्षांपूर्वीच मान्य करून टाकले आहे. मग सत्यकाम परत का आला? कथेतच उत्तर आहे असे मला वाटते. बैलाने एक पाद सांगितला आणि पुढचा अग्नी सांगेल म्हणून तो मोकळा झाला. हंस आला, बोलला, गेला. तुला समजले का, असे चौघांपैकी एकानेही विचारले नाही. गुरूंनी मात्र सांगण्याआधी पाहिले, पाहिल्यावर विचारले, आणि उत्तर ऐकल्यावर त्या शिकण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. तू जे शिकलास ते ठीक आहे, याला मी उत्तरदायी आहे, असे म्हणणारे कुणीतरी त्याला हवे होते. शिक्षक आणि साधन यांच्यातला फरक माहितीच्या साठ्यात नाही, आवाजाच्या गोडव्यातही नाही. विद्यार्थ्याला न समजण्याची जबाबदारी कोण घेतो, यात तो आहे. या एका कसोटीवर वर्गातले प्रत्येक यंत्र तपासता येते, आणि तपासायला हवे.

अनुभव काय सांगतो ते पाहू. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला एक प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या शाळेत झाला होता. त्याच मोहिमेत पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलांची काही प्रगती झाल्याचे दिसले नाही. यंत्र पोचले होते. मुलाला काय येत नाही याची चौकशी करणारे कुणी त्याच्याबरोबर पोचले नव्हते. ‘आकाश’ २०११च्या ऑक्टोबरमध्ये गाजावाजात आला आणि काही वर्षांत विरला. पण या अपयशांवरून निकाल देणे सोपे आणि अन्यायाचे ठरेल, कारण उलटा पुरावाही भक्कम आहे. दिल्लीत ६१९ मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरने साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुलांना लक्षणीय पुढे नेले. कारण समजण्यासारखे आहे. सातवीत बसलेले मूल खरे तर तिसरीच्या गणितात अडकलेले असते. पन्नासांच्या वर्गात शिक्षक सातवीचेच पुस्तक शिकवत राहतो, यंत्र मात्र प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पायरीवरून उचलते. हे काम यंत्र शिक्षकापेक्षा चांगले करते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. फक्त त्या केंद्रांची रचनाही नजरेआड करू नये. दीड तासाच्या सत्रात पाऊण तास संगणक होता आणि पाऊण तास बारा-पंधरा मुलांच्या गटाला शिकवणारा माणूस. संशोधकांचा कल श्रेय सॉफ्टवेअरला देण्याकडे आहे; तो बरोबर असेलही. पण यंत्र तिथे एकटे नव्हते.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून बोलके आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांचे नाव पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडशी कायमचे जोडले गेले. आज बालभारतीच्या पुस्तकांत ते काळे-पांढरे चौकोन दिसतात. फोन धरला की त्या धड्याची चित्रफीत उघडते. पण परितेवाडीत आधी काय घडले होते? तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक तिच्यात नव्हते. शिक्षकाने ती भाषा शिकून घेतली, पहिली ते चौथीची पुस्तके मुलींना समजतील अशी नव्याने रचली, आणि मग त्यांवर कोड चिकटवले. मुलाला समजत नाही ही आपली अडचण आहे, असे मानणारा माणूस आधी होता, चौकोन नंतर आला. व्यवस्थेने चौकोन उचलला, कारण तो छापता येतो. कन्नड शिकण्याची तळमळ छापखान्यात तयार होत नाही.

चौकोनाचे पुढे काय होते, तेही पाहावे. कांजूरच्या एखाद्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाचवीतली मुलगी पुस्तक उघडून बसली आहे. घरात स्मार्टफोन एकच आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला. रात्री नऊला तो येतो, तेव्हा त्यात चार्जिंग थोडे आणि डेटा थोडा. ती अपूर्णांकांची चित्रफीत पाहते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे उत्तर लिहिते, कारण तिने वरचे अंक वरच्यांत मिळवले आणि खालचे खालच्यांत. चांगले सॉफ्टवेअर ही चूक ओळखते, लाल खूण करते, तीच चित्रफीत पुन्हा दाखवते. वर्गात बाई मात्र विचारतात, ‘कसं काढलंस गं?’ आणि तिचे बोलणे ऐकताना त्यांच्या लक्षात येते, की एकाचे दोन आणि एकाचे तीन भाग वेगवेगळ्या आकाराचे असतात, हेच तिच्या मनात अजून उतरलेले नाही. पोळीचे तुकडे करून दाखवणे ही पुढची पायरी. त्याआधी झाले ते महत्त्वाचे: तिला कळले, की आपल्या चुकीतही काहीतरी विचार होता आणि तो ऐकायला कुणीतरी थांबले आहे. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, तेव्हा हे थांबणेच नाहीसे झाले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’सारखी मालिका आली, ‘दीक्षा’ ॲप होते, व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ होता, ज्यांनी हे केले त्यांनी जीव ओतून केले. तरीही ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्के झाले. या घसरणीमागे भूक, स्थलांतर, रोजगार गेलेली घरे हेही आहे, सगळा दोष पडद्याचा नाही. पण मजकूर उपलब्ध असणे आणि शिकणे यांत किती अंतर आहे, ते त्या वर्षांनी दाखवले.

आता यंत्र नुसते दाखवत नाही, बोलते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीसारखी साधने मुलाच्या प्रश्नाला त्याच्याच भाषेत उत्तर देऊ लागली, तेही न कंटाळता, मध्यरात्रीसुद्धा. आणि ‘कसं काढलंस?’ असे विचारायलाही ती शिकली आहेत. इथे माझ्या कसोटीला खरे आव्हान आहे आणि ते टाळून चालणार नाही. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण कुणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या शब्दाला. वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण दिले आहे: ज्याने ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो. तो पुढे म्हणतो, की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखेच लागू आहे. म्हणजे जात, कुळ, पंथ यांचा इथे संबंध नाही. जाणणे आणि सांगण्याची प्रामाणिक इच्छा, एवढ्या दोनच अटी. बोलणारे यंत्र या दोन्ही अटींवर उतरत नाही. त्याने पोळीचे समान भाग कधी केलेले नाहीत, आणि या मुलीला कळावे अशी इच्छा त्याच्या ठायी असल्याचा काही पुरावा आपल्यापाशी नाही. ते पुष्कळदा बरोबर बोलते. पण चूक बोलते तेव्हाही त्याच सुरात बोलते, आणि चुकीची लाज त्याला वाटत नाही.

मीमांसक इथे अडवील. तो म्हणेल, वेद प्रमाण आहेत ते त्यांना कर्ता नाही म्हणूनच. माणूस आला की राग, लोभ, भ्रम आले. मग ज्याला माणसाचे विकार नाहीत असे बोलणे अधिक विश्वासार्ह का मानू नये? गुण मिळवण्यासाठी मारणारा, आडनाव पाहून बोलणारा मास्तर यंत्रात नाही. हा आक्षेप मला वरवरचा वाटत नाही. पण यंत्राचे बोलणे अपौरुषेय नाही. ते लाखो माणसांच्या लिहिण्यातून घडले आहे. फक्त त्या माणसांची नावे पुसली गेली आहेत. त्यांचे पूर्वग्रह, त्यांची जातीची भाषा, त्यांचे अज्ञान आत आहेच. जाब विचारायला समोर कुणी उरलेले नाही, एवढेच. मीमांसकाला हवी असलेली निर्दोषता तिथे नाही आणि नैयायिकाला हवा असलेला जबाबदार वक्ताही नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो महाराष्ट्रात तरी हळू आवाजात मांडता येत नाही. ज्या गुरूची एवढी थोरवी गातो, तो बहुसंख्यांच्या वाट्याला कधी आला? एकलव्याला द्रोणांनी नाकारले. तो मातीच्या पुतळ्यापुढे शिकला, आणि जिवंत गुरू भेटला तेव्हा त्याने अंगठा मागितला. जोतीराव आणि सावित्रीबाईंना १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढावी लागली, कारण ज्ञानाच्या दारावर माणसेच उभी होती. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना गुरू मानले; तिघांपैकी कुणालाही ते भेटले नव्हते, जोतीराव तर त्यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी गेले. मग कांजूरच्या मुलीने माणसाची वाट का पाहावी? पडदा तिचे आडनाव विचारत नाही. वेदपाठाच्या परंपरेत लिखित पाहून म्हणणाऱ्याला अधम पाठक ठरवले होते, तरी छापील पुस्तकानेच बंद दारे फोडली. हे सारे खरे आहे, आणि ज्याला हे बोचत नाही त्याने गुरूमहिम्यावर बोलू नये. म्हणूनच मी ज्ञान रोखणाऱ्या गुरूची बाजू घेत नाही. ज्याने रोखले, त्याने जबाबदारी नाकारली. माझ्या कसोटीवर तो शिक्षकच नव्हे. पण बाबासाहेबांच्याच आयुष्यातला एक प्रसंग नोंदलेला आहे. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाच्या शिक्षकांना दिसत असे. ते त्याच्याशी बोलले, त्याला पुस्तके दिली, आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीसाठीही त्यांनी शब्द टाकला. न भेटलेला बुद्ध त्या मुलाला पुस्तकातून मिळाला. पण ते पुस्तक त्याच्या हातात ठेवणाऱ्याने आधी त्याला पाहिले होते.

छांदोग्यातच पुढे उपकोसलाची गोष्ट आहे, आणि ती गुरूंना अधिक कठोरपणे सुनावते. तोच सत्यकाम आता आचार्य झाला आहे. इतर शिष्यांना तो घरी पाठवतो, बारा वर्षे अग्नी सांभाळणाऱ्या उपकोसलाला मात्र तसाच ठेवून प्रवासाला निघून जातो. पत्नी रदबदली करते, तो ऐकत नाही. मुलगा दुःखाने अन्न सोडतो. तेव्हा त्या अग्नींना त्याची दया येते आणि ते त्याला शिकवतात. शिक्षक नसेल, कामचुकार असेल, जागाच रिकामी असेल, तिथे अग्नींनी बोलावेच; कांजूर काय, गडचिरोली काय, अशा वर्गात पडदा ही कृपा आहे. पण ते अग्नी शिकवून झाल्यावर म्हणतात, पुढची वाट तुला आचार्य सांगतील. आपली हद्द कुठे संपते हे त्यांना ठाऊक आहे. वर्गासाठी विकत घेतल्या जाणाऱ्या यंत्राकडून मला एवढीच अपेक्षा आहे: मूल तिसऱ्यांदा अडले, गप्प झाले, उत्तरे नुसती ठोकू लागले, की त्याने शिक्षकाला हाक मारावी. प्रत्यक्षात बहुतेक ॲप उलट दिशेने घडतात. मुलाने अधिकाधिक वेळ आपल्याचपाशी राहावे, अशी त्यांची रचना असते.

भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, समुद्र, पतंग, कोळी असे ते गुरू. एकनाथांच्या भागवतामुळे ते मराठी घरांत ओळखीचे झाले. मग पडदा पंचविसावा का नको, असे कुणी म्हणेल. पण त्या चोवीसांपैकी कुणीही अवधूताचे लक्ष वेधायला धडपडत नव्हता. लक्ष त्याचे स्वतःचे होते, आणि त्या लक्षानेच समुद्राला गुरू केले. पडदा लक्ष मागतो, मोजतो आणि त्याची नोंद ठेवतो. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतली शैक्षणिक साधने तपासली, तेव्हा त्यांतली बहुसंख्य साधने मुलांच्या माहितीचा माग काढताना आढळली. भारताच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याला मूलतः मनाई केली आहे. समुद्रासाठी असा कायदा कधी करावा लागला नव्हता.

राहता राहिला शिक्षक, आणि त्याच्या नजरेचे तंत्रज्ञानाने काय केले आहे हा प्रश्न. २०१५ पासून राज्यात ‘सरल’ प्रणाली आहे, केंद्राचे यूडायस आहे, हजेरीचे, पोषण आहाराचे, प्रशिक्षणाचे दुवे आहेत. विद्यार्थ्यांचे आधार जुळले नाही तर संचमान्यतेत शाळेची पदे घटतात, म्हणून पाठ शिकवण्याआधी पट भरावा लागतो. मुलाकडे पाहण्यासाठी ज्याची नेमणूक झाली, त्याची मान पोर्टलवर वाकलेली असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक ही तीन कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये असे सांगते. माहिती भरणे त्या तिघांत बसत नाही. शाळेशाळेत संगणक देणाऱ्या शासनाने आणि महापालिकेने त्या संगणकावर बसणारा एक लिपिकही द्यावा, आणि पुढचा पडदा खरेदी करण्याआधी कंत्राटदाराला एकच गोष्ट लेखी मागावी: या यंत्रामुळे शिक्षकाचे दर आठवड्याला किती तास मोकळे होतील, आणि ते त्याला कोणत्या मुलांसाठी वापरता येतील.